हातातले रोप आणि येणारा मशीहा

ठाण्यात आमच्या शेजारी एक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजातले, कुटुंब राहत असे, आणि त्यांच्या घरी मलिदा असला की आम्हा मुलांना हमखास बोलावणे येई. परातीत भिजवलेल्या पोह्यांचा ढीग असे, त्यात खवलेला नारळ, साखर, वेलदोड्याची पूड, बदाम आणि बेदाणे मिसळलेले असत, कडेने फळे मांडलेली असत, आणि त्या परातीभोवती डोक्यावर टोप्या घातलेली मंडळी हिब्रूत एक गाणे म्हणत. त्यातला एकच शब्द आम्हाला ओळखता येई, तो म्हणजे 'एलियाहू'. नवस फेडताना, लग्नकार्यात, नव्या घरात राहायला जाताना या एलियाहू हानाबीची, म्हणजे एलिया प्रेषिताची, आठवण काढली जाई; अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाची खूण उमटली आहे, असे शेजारच्या काकू सांगत. पुष्कळ वर्षांनी मी त्या गाण्याचा अर्थ समजून घेतला. जगभरचे यहुदी शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस, संपताना जे गाणे म्हणतात तेच हे गाणे. एलियाने लवकर यावे, आमच्याच दिवसांत यावे आणि दाविदाचा पुत्र मशीहा, म्हणजे येणारा उद्धारकर्ता, याला सोबत घेऊन यावे, अशी त्यात विनवणी आहे. म्हणजे पोह्यांच्या परातीभोवती बसलेली ही कोकणातली माणसे जगाच्या उद्धाराची वाट पाहत होती, आणि मलिदा वाटून झाला की दुसऱ्या दिवशीच्या कामाला लागत होती.

हे वाट पाहणे आणि हे कामाला लागणे यांचा एकमेकांशी नेमका काय संबंध आहे? माणसाच्या सत्कर्माने मशीहा येतो का? आणि येत असेल, तर सत्कर्म हे मशीहाला आणण्याचे साधन ठरते का? प्रश्न धर्मशास्त्राचा वाटतो, पण तो पोथीत बंद राहिलेला नाही. उद्धाराची भाषा आज इस्राएलच्या राजकारणात जमीन, वसाहती आणि सत्ता यांच्या संदर्भात रोज बोलली जाते. माझे म्हणणे असे आहे की यहुदी परंपरेने सत्कर्म आणि उद्धार यांची गाठ बांधली खरी, पण त्या परंपरेतल्या सर्वांत शहाण्या माणसांनी ती गाठ जाणूनबुजून सैल ठेवली. सत्कर्माने उद्धार जवळ येतो असे मानावे, पण उद्धार लवकर यावा म्हणून सत्कर्माचे रूप बदलू नये, हा त्यांचा आग्रह होता. ज्या ज्या वेळी ती गाठ आवळली गेली, त्या त्या वेळी आधी सत्कर्माचा आणि मग माणसांचा बळी गेला.

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर जाळले. त्या वेढ्याच्या वेळी रब्बान योहानन बेन झक्काई शवपेटीत झोपून, शिष्यांच्या खांद्यावरून शहराबाहेर निसटले आणि रोमन सेनापती व्हेस्पासियन याच्यासमोर जाऊन उभे राहिले, अशी तालमूद या रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, चर्चांच्या ग्रंथातली कथा आहे. काय हवे ते माग, असे सेनापती म्हणाला. योहाननांनी तीन गोष्टी मागितल्या: याव्ने हे लहानसे गाव आणि तिथले विद्वान, रब्बान गमलिएल यांचे घराणे, आणि रब्बी त्सादोक यांच्यासाठी वैद्य. शहराचा नाश होऊ नये म्हणून त्सादोक यांनी ४० वर्षे उपास केले होते आणि त्यांच्या देहाचा सांगाडा झाला होता. जेरुसलेमच का मागितले नाही, असा दोष पुढच्या पिढ्यांनी योहाननांना दिला. त्यावर तालमूद त्यांची बाजू मांडतो: तेवढे मोठे मागितले असते तर थोडीशी सुटकाही पदरात पडली नसती, असे त्यांना वाटले असावे. मला या मागण्यांमधली तिसरी सर्वांत मोलाची वाटते. राष्ट्र बुडत असताना, इतिहासाच्या त्या क्षणी, हा माणूस एका उपाशी म्हाताऱ्यासाठी वैद्य मागतो.

हेच योहानन पुढे एकदा जेरुसलेमहून जात असताना सोबतच्या रब्बी येहोशुआ यांना मंदिराचे अवशेष दिसले. इस्राएलच्या पापांचे प्रायश्चित्त जिथे होई ती जागाच उद्ध्वस्त झाली, म्हणून ते शोक करू लागले. योहानन म्हणाले, बाळा, दुःख करू नकोस, तितकेच मोलाचे दुसरे प्रायश्चित्त आपल्यापाशी आहे, ते म्हणजे गमिलूत हसादीम. भुकेल्याला जेवू घालणे, आजाऱ्याची विचारपूस करणे, मेलेल्याला मूठमाती देणे, नवरीच्या लग्नाला हातभार लावणे, अशा मायेच्या कृत्यांचे हे नाव आहे. आधाराला त्यांनी होशेय प्रेषिताचे वचन दिले: मला यज्ञ नको, दया हवी. वेदी गेली आणि वेदीच्या जागी शेजाऱ्याचे दार आले. यहुदी धर्माच्या इतिहासातले हे वळण ज्याने नीट पाहिले नाही, त्याला पुढचा मशीहाविषयीचा वाद कळणे अवघड आहे; कारण उद्धारासाठी काय करायचे याचे उत्तर आता पुरोहिताकडून निघून प्रत्येक घराकडे आले होते.

तो वाद तालमूदच्या सान्हेद्रिन या भागात आहे. तिसऱ्या शतकात बाबिलोनियात राव आणि श्मुएल असे दोन मोठे आचार्य होऊन गेले. राव म्हणाले, उद्धारासाठी सांगितलेल्या सगळ्या मुदती उलटून गेल्या आहेत, आता सारे काही अवलंबून आहे ते तेशुवा आणि सत्कर्मे यांवर. तेशुवा म्हणजे शब्दशः परत फिरणे. चुकलेल्या वाटेवरून माघारी येणे. श्मुएल म्हणाले, शोक करणाऱ्याने आपला शोक सोसला एवढे पुरे आहे. म्हणजे या लोकांनी इतके भोगले आहे की त्यांच्याकडून आणखी पुण्याईची अट घालणे योग्य नाही, उद्धार त्यांना मिळायलाच हवा. हाच वाद त्याआधी योहाननांच्या दोन शिष्यांत झाला होता. रब्बी एलिएझर म्हणत, इस्राएल परत फिरले तर सुटका, नाहीतर सुटका नाही. रब्बी येहोशुआ म्हणत, लोक परत फिरोत वा ना फिरोत, देव आपली वेळ पाळणारच. दोघे एकमेकांवर शास्त्रवचने फेकत राहिले, आणि शेवटी येहोशुआंनी दानिएलाच्या ग्रंथातले वचन पुढे केल्यावर रब्बी एलिएझर गप्प बसले.

एलिएझर गप्प बसले, तरी रावांचे वाक्य पुसले गेले नाही, याकडे मी लक्ष वेधू इच्छितो. ग्रंथाने दोन्ही बाजू जपून ठेवल्या. सगळे माणसाच्या कर्मावरच टाकले असते, तर एखाद्या नादान पिढीत आशेलाच मूठमाती मिळाली असती, आणि छळ सोसणाऱ्यांना 'तुमच्याच पापामुळे मशीहा येत नाही' असे ऐकवण्याचा अधिकार प्रत्येक उपदेशकाला मिळाला असता. सगळे देवाच्या वेळापत्रकावर टाकले असते, तर दारातल्या याचकाला उद्या ये म्हणायला सबब मिळाली असती. यशायाच्या ग्रंथात उद्धाराविषयी एक अवघड शब्दप्रयोग आहे: 'मी ते त्याच्या वेळी त्वरेने करीन.' वेळेवर करायचे असेल तर त्वरा कसली, आणि त्वरा करायची असेल तर वेळ कसली? रब्बी येहोशुआ बेन लेवी यांनी त्याचा उलगडा केला: लोक पात्र ठरले तर त्वरेने, नाही ठरले तर वेळेवर. आशा कधी बुडत नाही आणि कर्म कधी फुकट जात नाही, अशी ही मांडणी आहे.

याच येहोशुआ बेन लेवींची आणखी एक कथा आहे, आणि या विषयावर इतके थोडक्यात इतके खोल सांगणारे दुसरे काही मला माहीत नाही. एका गुहेच्या तोंडाशी त्यांना एलिया भेटला. मशीहा कधी येणार, असे त्यांनी विचारले. त्यालाच जाऊन विचार, असे एलिया म्हणाला. तो कुठे सापडेल? नगराच्या वेशीवर, आणि पुष्कळ पाठांत हे नगर म्हणजे रोम. त्याला ओळखू कसे? तो रोगांनी पिडलेल्या गरिबांमध्ये बसलेला असतो. बाकीचे सगळे आपल्या जखमांच्या पट्ट्या एकदम सोडतात आणि एकदम बांधतात. तो मात्र एक सोडतो, ती जखम बांधतो, आणि मगच दुसरीला हात लावतो. कारण त्याला वाटते, न जाणो मला आत्ता बोलावणे यायचे, आणि मला उशीर व्हायचा. येहोशुआ तिथे गेले, नमस्कार-चमत्कार झाले, आणि त्यांनी विचारले, स्वामी, कधी येणार? उत्तर आले: आज. दिवस मावळला तरी तो आला नाही. येहोशुआ एलियाकडे तक्रार घेऊन गेले की तो माझ्याशी खोटे बोलला. एलियाने समजावले, त्याने तुला स्तोत्रातले वचन सांगितले: 'आज, जर तुम्ही त्याची वाणी ऐकाल तर.'

या कथेत मशीहा स्वर्गात नाही, सिंहासनावरही नाही. तो जखमी आहे आणि स्वतःच्या जखमांची काळजी घेतो आहे. मोठ्या बोलावण्याच्या तयारीत असूनही तो पट्टी बांधायची टाळत नाही. उलट त्या बोलावण्यामुळेच प्रत्येक जखमेचे काम तो पुरते आटोपून पुढे जातो. आशेमुळे हातातले काम घाईत उरकले जात नाही, नीट पूर्ण होते. उद्धाराची वाट कशी पाहावी हे मशीहानेच दाखवून दिले आहे असे मी मानतो, आणि पुढच्या इतिहासातल्या प्रत्येक मशीहावादी चळवळीला याच कसोटीवर घासून पाहावे असे मला वाटते.

पहिली मोठी परीक्षा फार लवकर झाली. इ. स. १३२ मध्ये शिमोन बार कोसिबा याने रोमविरुद्ध बंड पुकारले, आणि त्या काळचे सर्वश्रेष्ठ आचार्य रब्बी अकिवा यांनी त्याच्याकडे बोट दाखवून 'हाच राजा मशीहा' असे म्हटले. त्याचे नाव बदलून बार कोखबा, म्हणजे ताऱ्याचा पुत्र, असे झाले. रब्बी योहानन बेन तोर्ता यांनी अकिवांना उत्तर दिले: अकिवा, तुझ्या गालांवर गवत उगवेल, आणि तरीही दाविदाचा पुत्र आलेला नसेल. १३५ पर्यंत बंड चिरडले गेले. डिओ कॅसिअस या रोमन इतिहासकाराने लढाईत मेलेल्यांचा आकडा ५,८०,००० आणि उद्ध्वस्त खेड्यांचा आकडा ९८५ असा दिला आहे. अतिशयोक्ती धरली तरी यहुदाचा मुलूख ओसाड झाला यात शंका नाही. जेरुसलेमवर नवे रोमन नाव चढले आणि यहुद्यांना तिथे पाऊल ठेवायची बंदी झाली. शेवटाचा हिशेब मांडणाऱ्यांची हाडे कुजोत, हा तालमूदमधला शाप ज्या समाजाच्या तोंडून निघाला त्याने असे हिशेब चुकताना पाहिले होते, हे तो वाचताना विसरू नये.

बाराव्या शतकातले मोशे बेन मैमोन, म्हणजे मैमोनिदेस, हे या विषयावरचे सर्वांत थंड डोक्याचे आणि तरीही सर्वांत आशावादी लेखक आहेत. कोर्दोबात जन्मलेला, धर्मछळामुळे घर सोडावे लागलेला आणि पुढे कैरोजवळच्या फुस्तातमध्ये दिवसभर रोगी तपासून दमणारा हा वैद्य मशीहावरची श्रद्धा धर्माच्या तेरा तत्त्वांत घालतो, आणि त्याच वेळी त्या श्रद्धेतून चमत्कार वजा करतो. मशीहाने मेलेल्यांना उठवून दाखवण्याची गरज नाही, असे तो लिहितो, आणि पुरावा म्हणून अकिवांचेच उदाहरण देतो: त्यांनी बार कोखबाकडे कोणताही चमत्कार मागितला नव्हता. त्या दिवसांतही जग आपल्या रीतीनेच चालेल. फरक एवढाच की यहुदी कोणाचे गुलाम नसतील. ऋषितुल्य पूर्वजांनी मशीहाच्या दिवसांची आस धरली ती जगावर राज्य करण्यासाठी नाही, तर निवांतपणे तोरा, म्हणजे धर्मशास्त्र, आणि ज्ञान यांत रमता यावे म्हणून. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. येमेनमधल्या यहुद्यांवर जुलूम चालू असताना आणि तिथे एक तोतया मशीहा उभा राहिला असताना, सुमारे ११७२ साली मैमोनिदेसने त्यांना धीराचे पत्र लिहिले. त्यात हिशेब मांडू नका असे बजावून झाल्यावर, आमच्या घराण्यात भविष्यवाणी परतण्याच्या वर्षाविषयी एक परंपरा आहे, असेही त्याने सांगून टाकले. दुःखी माणसाला तारीख देण्याचा मोह त्यालाही आवरला नाही. त्यावरून हा मोह किती खोल आहे ते कळते.

त्याच मैमोनिदेसने सत्कर्माचे वजन सांगण्यासाठी तराजूची प्रतिमा वापरली आहे. प्रत्येक माणसाने वर्षभर स्वतःकडे असे पाहावे की आपले पुण्य आणि पाप अगदी समसमान आहे, आणि जगाकडेही असेच पाहावे की त्याचीही दोन्ही पारडी सारखी आहेत. मग एक पाप केले तर आपण स्वतःला आणि सगळ्या जगाला दोषाच्या बाजूला झुकवले, आणि एक मित्सवा, म्हणजे धर्माज्ञेने सांगितलेली कृती, केली तर स्वतःला आणि सगळ्या जगाला पुण्याच्या बाजूला झुकवून उद्धार घडवून आणला. यात 'असे पाहावे' हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. पारडी खरोखर समान आहेत असा दावा तो करत नाही, कारण तो हिशेब देवाचा आहे. करणाऱ्याच्या मनाला तो एक सवय लावतो आहे. भाजीवाल्याच्या तराजूत दोन्ही पारडी अधांतरी थांबलेली असताना एक मिरची टाकली की काटा हलतो. तुझी पुढची कृती ती मिरची आहे असे समज, एवढेच तो सांगतो. त्यामुळे मोठ्या कृतीची वाट पाहण्याची गरज संपते, आणि लहान कृती क्षुल्लक म्हणून टाकून देण्याची सोयही संपते.

आणि ती कृती कशी असावी? दानधर्माच्या आठ पायऱ्या मैमोनिदेसने सांगितल्या. सर्वांत खालची पायरी कुरकुरत दिलेल्या दानाची. सर्वांत वरची पायरी म्हणजे घसरत चाललेल्या माणसाचा हात धरणे: त्याला कर्ज देणे, धंद्यात भागीदार करणे, काम मिळवून देणे, म्हणजे त्याच्यावर मागायची वेळच येणार नाही. या दानाला हिब्रूत त्सेदाका म्हणतात, आणि हा शब्द न्यायाच्या शब्दापासून आला आहे. इस्राएलची सुटका त्सेदाकानेच होईल, असे मैमोनिदेस त्याच प्रकरणाच्या सुरुवातीला लिहितो. मात्र आठ पायऱ्यांचा क्रम लावताना कोणती पायरी मशीहाला अधिक लवकर आणेल हे माप त्याने वापरलेले नाही. घेणाऱ्याची मान किती ताठ राहते, हे त्याचे माप आहे. गाठ सैल ठेवणे म्हणजे काय, ते इथे दिसते.

सोळाव्या शतकात गालीलमधल्या त्सफात गावी इसहाक लुरिया (१५३४–१५७२) यांनी एक भव्य कल्पना मांडली. सृष्टीच्या आरंभी दिव्य प्रकाश धरणारी पात्रे फुटली, त्यांच्या ठिणग्या जगभर विखुरल्या, आणि माणसाच्या प्रत्येक मित्सवेने एकेक ठिणगी वर उचलली जाते. या दुरुस्तीला तिक्कून म्हणतात आणि ती पुरी झाली की उद्धार झाला. स्पेनमधून १४९२ साली हाकलल्या गेलेल्या यहुद्यांच्या वारसांना या विचाराने आपल्या विखुरण्याचाही अर्थ दिला. तो विचार सुंदर आहे. पण त्याने गाठ आवळली. कृतीचे मोल आता समोरच्या माणसावरून ठरण्याऐवजी विश्वाच्या यंत्रातल्या तिच्या परिणामावरून ठरू लागले.

त्याची किंमत शंभर वर्षांत चुकवावी लागली. १६६५ साली इझमिरचा शब्बताई त्स्वी मशीहा म्हणून जाहीर झाला, आणि गाझाच्या नाथानने सांगितलेली प्रायश्चित्ते करायला अर्धे यहुदी जग धावले. लोकांनी उपास केले, दान केले, रात्री जागून प्रार्थना म्हटल्या. इतकी धर्मकृत्ये एकाच वर्षात क्वचितच झाली असतील. हॅम्बुर्गची व्यापारी स्त्री ग्लिकल हिने आपल्या आठवणींत लिहिले आहे की तिच्या सासऱ्यांनी घरदार सोडून मुलाकडे मोठी पिंपे पाठवली, त्यांत कपडे, वाटाणे, सुकवलेले मांस आणि टिकाऊ खाणे भरलेले, कारण हॅम्बुर्गहून कधीही पवित्र भूमीला निघावे लागेल. ती पिंपे वर्षाहून अधिक काळ घरात पडून राहिली, आणि आतले मांस नासेल म्हणून शेवटी उघडावी लागली. १६६६ साली सुलतानापुढे उभे केल्यावर शब्बताईने पगडी बांधून इस्लाम स्वीकारला. त्याच्या काही अनुयायांनी यावरही तोड काढली: ठिणग्या पापाच्या तळाशी अडकल्या आहेत, म्हणून मशीहाला पापात उतरावे लागते, आणि आम्हीही पापातूनच उद्धार साधू. सत्कर्म हे निव्वळ साधन मानले की दुष्कर्म हे अधिक परिणामकारक साधन ठरायला वेळ लागत नाही. यहुदी इतिहासाने हा धडा तीनशे साठ वर्षांपूर्वी शिकवला आहे.

आधुनिक काळात गाठ दोन वेगळ्या तऱ्हांनी आवळली गेली. अमेरिकेतल्या सुधारणावादी रब्बींनी १८८५ साली पिट्सबर्गमध्ये जाहीर केले की आधुनिक संस्कृतीच्या प्रसारात त्यांना इस्राएलची मशीहाची आशा पुरी होत चाललेली दिसते. मशीहा हा माणूस उरला नाही, तो प्रगतीचे नाव झाला. पुढच्या साठ वर्षांत त्या संस्कृतीने युरोपच्या यहुद्यांचे काय केले, ते वेगळे सांगायला नको. दुसरी तऱ्हा पॅलेस्टाइनमध्ये घडली. रब्बी अब्राहम इसहाक कूक (१८६५–१९३५) हे मोठ्या मनाचे आणि मोठ्या प्रतिभेचे आचार्य होते. शब्बाथ न पाळणाऱ्या, शेतात राबणाऱ्या तरुणांच्या श्रमातही त्यांना उद्धाराची पावले ऐकू येत. इस्राएलच्या राज्यासाठी केल्या जाणाऱ्या प्रार्थनेत त्या राज्याला 'आमच्या उद्धाराच्या अंकुराचा आरंभ' म्हटले आहे, त्यामागे हाच विचार आहे. पण १९६७ च्या युद्धानंतर त्यांचे पुत्र त्स्वी येहूदा यांच्या शिष्यांनी अंकुराचे मोजमाप जमिनीत सुरू केले. १९७४ साली गुश एमुनीम ही वसाहतवाद्यांची चळवळ उभी राहिली; तिच्या वर्तुळातून निघालेल्या एका गुप्त गटाने पॅलेस्टिनी महापौरांवर बॉम्बहल्ले केले, हेब्रोनच्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या, आणि जेरुसलेममधला डोम ऑफ द रॉक उडवून देण्याचा बेत आखला. १९८४ साली हा गट पकडला गेला. त्यांतले काही जण हे सारे उद्धाराची वाट मोकळी करण्यासाठी करत होते. ज्या आशेचा पहिला शिलेदार रोमन सेनापतीकडे वैद्य मागत होता, तिच्या नावाने विद्यार्थी मारले गेले, हे लिहिताना मला शरम वाटते, आणि असे वाटणारे यहुदी विचारवंत मुळीच थोडे नाहीत. येशायाहू लेबोविट्झ हे जेरुसलेममधले कडवे सश्रद्ध तत्त्वज्ञ सांगत आले की मशीहा सदैव येणार असतो, आणि जो येऊन पोचतो तो खोटा असतो.

हबाद या कर्मठ यहुदी पंथाचे उदाहरण मला अधिक गुंतागुंतीचे आणि म्हणून अधिक विचार करण्याजोगे वाटते. न्यूयॉर्कचे रब्बी मेनाखेम मेंडेल श्नेअरसन यांनी उद्धार अगदी उंबरठ्यावर आहे असे सांगितले, आणि त्यासाठी जमिनीचा तुकडा मागण्याऐवजी एकेक कृती मागितली: रस्त्यावरच्या अनोळखी यहुद्याला तेफिलिन, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी हाताला आणि कपाळाला लावायच्या शास्त्रवचनांच्या पेट्या, बांधायला मदत करा, मुलीला शुक्रवारचा दिवा लावायला शिकवा, कोणावर तरी दया करा. १९९१ च्या एप्रिलमध्ये त्यांनी अनुयायांना सांगितले की मला करता येण्यासारखे सर्व मी केले, आता तुम्हाला करता येईल ते तुम्ही करा. १९९४ साली ते वारले, आणि अनुयायांतला एक गट त्यांनाच मशीहा मानून बसला आहे. त्या गटाशी मी सहमत होऊ शकत नाही. कृती मागणाऱ्या माणसालाच कृतीच्या जागी बसवले की आशा पुन्हा एका चेहऱ्यात अडकते. तरीही २००८ च्या नोव्हेंबरमध्ये कुलाब्याच्या नरिमन हाउसवर, म्हणजे या पंथाच्या मुंबईतल्या केंद्रावर, हल्ला होऊन तिथले रब्बी गॅव्रिएल होल्त्झबर्ग, त्यांची पत्नी रिव्का आणि आणखी चौघे मारले गेले, तेव्हा त्या पंथाने जगभरच्या लोकांकडे सूड मागितला नाही. प्रत्येकाने आणखी एक मित्सवा करावी, शब्बाथचा दिवा लावावा, अशी विनंती केली. ते घर काही वर्षांनी त्याच जागी पुन्हा उघडले. वाटसरूला जेवण देणे हे तिथले मूळ काम होते, आणि ते मशीहाच्या नावाने चालत असले तरी जेवणाऱ्याला त्याचा हिशेब विचारला जात नसे. रोमच्या वेशीवरच्या पट्टीच्या कसोटीला ते काम उतरते.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो यहुदी गूढवादाचे सर्वांत मोठे अभ्यासक गेर्शोम शोलेम यांनी घेतला आहे. मशीहाच्या आशेपायी यहुदी माणसाला जगणे पुढे ढकलावे लागले, काहीही अंतिमपणे करता आले नाही, सगळे 'तोवर'चे झाले, असे त्यांचे म्हणणे. मग मी ज्या सैल गाठीचे कौतुक करतो ती माणसाला कायम स्टेशनवर बसवून ठेवणारी तर नाही ना? मला तसे वाटत नाही, आणि माझे उत्तर पुन्हा योहानन बेन झक्काईंच्याच तोंडून येते. ते म्हणत, तुझ्या हातात रोप असेल आणि लोक सांगत आले की मशीहा आला, तर ये, आधी रोप लाव, आणि मग त्याच्या सामोरा जा. पुढे ढकलले जाते ते इथे कोण? मशीहाला थांबावे लागते, झाडाला थांबावे लागत नाही. ग्लिकलच्या सासऱ्यांनी पिंपे भरली, योहाननांनी खड्डा खणायला सांगितला. ज्याला फळ यायला वर्षे लागतील ते रोप, जगाचा शेवट आला असे कानावर पडत असताना लावणे, यापेक्षा पूर्ण आणि आजचे कर्म कोणते?

तिक्कून ओलाम, जगाची दुरुस्ती, हे शब्द हल्ली प्रत्येक चांगल्या मोहिमेच्या फलकावर दिसतात. तालमूदचा पाया असलेल्या मिश्ना या ग्रंथात ते आले आहेत ते फार साध्या जागी. सातव्या वर्षी कर्जे माफ होतात या भीतीने लोक गरिबांना कर्जच देईनासे झाले, तेव्हा हिल्लेल यांनी 'प्रोझबूल' नावाचा दस्तऐवज काढला, ज्याने कर्ज न्यायालयाकडे सोपवले जाई आणि देणाऱ्याची भीती जाई. कारण दिले ते तिक्कून ओलामचे. जगाची दुरुस्ती म्हणजे सावकाराच्या वहीतली एक ओळ, म्हणजे गरिबाला पेरणीच्या वेळी पैसे मिळावेत. घोषणेपेक्षा हा अर्थ मला कितीतरी मोठा वाटतो.

आणि आमच्या शेजारच्या काकूंच्या समाजाने, मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएलांनी, या दोन्ही बाजू स्वतःच्या अंगावर भोगल्या आहेत. कोकणात त्यांना 'शनिवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. इस्राएलने दोन शब्बाथ नीट पाळले तर तत्काळ सुटका होईल, असे तालमूदमध्ये एक वचन आहे; तालमूदशी शेकडो वर्षे संपर्क नसलेल्या या तेल्यांनी किती शब्बाथ पाळले असतील, आणि कोणत्याही सुटकेची नोंद ठेवली नसेल! पुढे इस्राएलचे राज्य झाले, आणि उद्धाराच्या अंकुराकडे म्हणून त्यांतले हजारो लोक निघाले. तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या यहुदीपणावरच शंका घेतली. लग्न लावायचे तर पिढ्यान्‌पिढ्यांचे पूर्वज तपासा, असा हुकूम निघाला. या लोकांना जेरुसलेममध्ये धरणे धरावे लागले, आणि १९६४ साली तो हुकूम बदलल्यावरच ते धरणे उठले. उद्धाराचा आरंभ झाला की नाही हे मला सांगता येणार नाही; पण तो मोजायचाच असेल, तर दारात आलेल्या तेल्याच्या लेकीला काय विचारले गेले यावरून मोजावा, वसाहतींनी व्यापलेल्या टेकड्यांच्या संख्येवरून मोजू नये.

योहानन बेन झक्काई मरणशय्येवर असतानाचे त्यांचे शेवटचे शब्द तालमूदने नोंदवले आहेत. शिष्यांना त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. घरातली भांडी बाहेर काढा. मृतदेहामुळे ती विटाळतील, आणि घरच्यांना वापरता येणार नाहीत. आणि यहुदाचा राजा हिज्कीया येतो आहे, त्याच्यासाठी खुर्ची मांडून ठेवा. हिज्कीया हा दाविदाच्या वंशातला, ज्याच्यात अनेकांनी मशीहा पाहिला तो राजा. मरणाऱ्या माणसाने खुर्ची मांडायला सांगितली, पण त्याआधी त्याने भांड्यांची आठवण काढली.